आधी काम ठरव, मग यंत्र बोलाव

अगं, तुझी यादी वाचली. गोठ्यामागचा शेणखताचा ढीग हलवायचा, घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत मुरूम पसरायचा, कुंपणाचे खांब रोवायचे, कांद्याच्या बराखीला जागा सपाट करायची, आणि हे सगळं मृगाच्या आत. वर विचारतेस, ‘ताई, जेसीबी बोलावू की ते छोटं बॉबकॅट?’ खरं सांगू का, हा प्रश्न तू जरा लवकर विचारलास. आधी काम ठरतं, मग त्या कामाला यंत्राच्या तोंडाशी कुठलं अवजार लागणार ते ठरतं, आणि यंत्र सगळ्यांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. शेजाऱ्याकडचा जेसीबी रिकामा परत चाललेला दिसतो आणि आपण पदर खोचून रस्त्यावर धावतो, ‘ओ दादा, जाता जाता आमचंही तेवढं करून द्या.’ ते ‘तेवढं’ मग पुढचे दोन पावसाळे निस्तरत बसावं लागतं. मी धावलेली आहे गं, म्हणून सांगते.

तुझी धास्ती मला कळते. नवरा चाकणला शिफ्टमध्ये, सासरे गुडघ्यांनी बेजार, आणि यंत्रवाला दारात येऊन म्हणणार, ‘बोला वहिनी, काय करायचंय?’ मीटर पळत असतो, चार बघे जमलेले असतात, आणि प्रत्येकाला तुझ्यापेक्षा जास्त कळत असतं. पण बघ, ते यंत्र तुला चालवायचं नाहीये. तुला फक्त काय हवंय ते माहीत असलं पाहिजे आणि वेळेवर ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे. घरातल्या लग्नात आचारी, मांडववाला आणि तुझी नणंद असे तिघं एकाच वेळी सांभाळलेत तू. हा तर एकटा ऑपरेटर.

आता यंत्रांचं थोडक्यात. जेसीबी म्हणजे पुढे रुंद बकेट, मागे खोदायचा हात, वजन सात-साडेसात टनांच्या घरात आणि रुंदी सात फुटांहून जास्त. शेततळं, मोठी चारी, पायाची खोदाई ही त्याची कामं. तुझ्या गोठ्याच्या बोळात तो शिरायचा म्हटलं तर आधी गोठाच पाडावा लागेल. ते छोटं, ज्याला सगळे बॉबकॅट म्हणतात, ते स्किड स्टिअर. पाच-सहा फूट रुंद, जागच्या जागी गर्रकन वळणारं, आणि पुढचं अवजार बदलता येणारं. बकेट काढली की काटा, काटा काढला की खड्डे पाडायचा ऑगर, मग दगड फोडायचा ब्रेकर. बॉबकॅट हे खरं एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे जसं कुठलंही खोदायचं यंत्र जेसीबी, तसंच हे.

आणि गंमत बघ, हे यंत्र जन्मालाच आलं खत काढायला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रोथसे नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची शेड दुमजली होती, आत खांबच खांब. वरच्या मजल्यावर चढवता येईल इतकं हलकं आणि खांबांमधून वळेल इतकं लहान यंत्र त्याला हवं होतं. लुई आणि सिरिल केलर या दोघा भावांचं गावात लोहारकामाचं, दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. त्यांनी 1957 साली त्याला तीन चाकांचा एक छोटा लोडर करून दिला. पुढे मेलरो कंपनीने तो उचलला आणि 1960मध्ये त्याला चौथं चाक लागलं. आपल्या नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्या बायका पिल्लांना ऊब देण्यापासून शेडमधलं लिटर काढण्यापर्यंत जे काय काय करतात, ते पाहिलं की वाटतं, त्या केलर बंधूंना एकदा इकडेच आणायला हवं होतं.

या यंत्राची एक खोड मात्र लक्षात ठेव. याची चाकं ट्रॅक्टरसारखी डावी-उजवी वळत नाहीत. एका बाजूची दोन चाकं जोरात आणि दुसऱ्या बाजूची सावकाश किंवा उलटी फिरतात, आणि यंत्र घसटत वळतं. त्यामुळे ते जिथे वळतं तिथली जमीन सोलली जाते. तुझ्या अंगणातल्या नव्या पेव्हर ब्लॉकवर त्याला गिरकी घेऊ देऊ नकोस. नुकत्याच पसरलेल्या मुरमावरही नाही. ऑपरेटरला सांग, ‘दादा, पुढे-मागे घेत मोठं वळण घ्या.’ जरा वेळ जाईल, पण रस्ता रस्ताच राहील. आणि मीना-कुकडीकाठची काळी जमीन असेल तर ओल असताना यंत्र आत घालायचंच नाही. मूठभर माती घे, गोळा वळ, कमरेच्या उंचीवरून खाली टाक. फुटला तर ठीक. चपटा होऊन तसाच पडून राहिला, तर ऑपरेटरला चहा पाज आणि परत पाठव. ओल्या काळ्या मातीत चाकांनी केलेली घट्ट पाटी नांगराला दाद देत नाही.

दुसरी अडचण पैशांची. जेसीबी वाडीवाडीत मिळतो, बॉबकॅट तसं मिळेलच असं नाही. रस्त्यावरून ते गोगलगायीच्या चालीने येतं, म्हणून ट्रकवर घालून आणतात, आणि ते भाडं वेगळं. म्हणून वस्तीतल्या दोघी-तिघींना आधी विचार. एकीचे खड्डे, एकीचं खत, तुझं अंगण, असं एकाच फेरीत उरकलं तर वाहतूक वाटली जाते. आणि फोनवरच नीट विचारून घे: तासाचा दर डिझेलसह की डिझेलशिवाय, ऑगर सोबत येणार का, कुठल्या मापाचा, दात बदललेत का. ‘सगळं आहे वहिनी’ या वाक्यावर अजिबात जाऊ नकोस. काय काय आहे त्याचा फोटो मागव.

जर काम नुसतं वावरातलं असेल, द्राक्षाच्या ओळींतलं, टोमॅटोच्या रानातलं, तर बॉबकॅटच्या नादी लागूच नकोस. छोटा ट्रॅक्टर आणि मागे तीन-चार फुटी रोटाव्हेटर, एवढं पुरतं, आणि तो शेजारी मिळतोही.

आता तुझं एकेक काम घेऊ. शेणखतापासून.

बकेट दोन तऱ्हेची असते, दातांची आणि सपाट धारेची. दातांची खोदते, सपाट धारेची खरवडते. ढीग कोब्यावर असेल तर सपाट धारच हवी, नाहीतर दात कोब्यात अडकून ढपले निघतील. ढीग मातीवर असेल तर शेवटचं वीतभर खत तसंच राहू दे, ते आपण फावड्याने काढू. मी हे सांगितलं नव्हतं. ऑपरेटरने प्रामाणिकपणे तळ साफ केला, आणि त्या वर्षी परसातल्या माझ्या मिरच्यांना शेणखताबरोबर निम्मा मुरूम जेवायला मिळाला. मिरच्या तिखट झाल्या नाहीत, सासूबाई झाल्या. जुनं, पेंढा गुंतलेलं खत असेल तर वरून पकडणारा जबडा असलेला काटा मिळतोय का बघ. नुसत्या बकेटमधून ते पसरून अर्धं वाटेत सांडतं. आणि ओलं खत दिसतं त्यापेक्षा फार जड असतं, घनमीटरला पाऊण टन ते टनभर. स्किड स्टिअरने किती उचलावं याचा एक साधा हिशेब आहे: ज्या वजनाला यंत्र पुढे कलंडतं, त्याच्या निम्मंच. मागची चाकं जमिनीवर हलकी झाली, उचलल्यासारखी झाली, की भार जास्त झाला. तेव्हा लगेच ‘थांबा, अर्धी बकेट घ्या’ म्हण. भरलेली बकेट घेऊन जाताना ती जमिनीलगत असायला हवी, हवेत मिरवायची नाही.

खांबांचे खड्डे. ऑगर म्हणजे जमिनीत शिरणारा मोठा स्क्रू. सात फुटी खांब असेल तर दोन फूट आत जाऊ दे. सिमेंटच्या खांबाला नऊ इंची ऑगर सहसा पुरतो, कोपऱ्याच्या खांबाला बारा इंची घे, कारण तारेची ओढ सगळी कोपऱ्यावर येते आणि तिथे काँक्रीट घालायला जागा लागते. दर फुटाला ऑगर वर काढून माती झटकायला लाव. एका दमात खाली घातला तर मातीच त्याला गच्च धरून ठेवते. अडकला, तर जोराने वर उपसायचा नाही. उलटा फिरवायचा, हळूहळू मोकळा करायचा.

पण आपल्याकडे खरी अडचण खाली असते. वर हात-दोन हात माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. लेण्याद्रीची तीस-एक लेणी ज्यांनी छिन्नी-हातोडीने कोरली त्यांनाच ठाऊक हा दगड काय चीज आहे. मातीचा ऑगर त्यावर नुसता फिरतो, धूर काढतो आणि दात घासून बसतो. यंत्र यायच्या आदल्या दिवशी कुंपणाच्या ओळीत चार-पाच ठिकाणी पहार मारून बघ. खणखणीत वाजली की तिथे खूण कर. खांब अर्धा फूट इकडे-तिकडे सरकला तर कुंपणाचं काही बिघडत नाही. सरकवायला जागा नसेल तरच ब्रेकर.

ब्रेकरबद्दल दोन गोष्टी, कारण त्याचं भाडंही जास्त आणि मोडतोडीची भांडणंही जास्त. छिन्नी दगडावर सरळ उभी टेकलेली असली पाहिजे; तिरकी धरून उपटायला, दगड उचकटायला ब्रेकर वापरायचा नाही. आणि हवेत, दगडाला न टेकता ठोके मारू द्यायचे नाहीत. त्याने ब्रेकर आतून खिळखिळा होतो. एकाच जागी अर्धा मिनिट मारून दगड फुटला नाही तर जागा बदलायला सांग, कडेकडेने आत यायचं. छिन्नीला ग्रीस दर दोन तासांनी. ग्रीसचा डबा दिसला नाही तर विचार. विचारलं की ऑपरेटर जरा चपापतो आणि नंतर तुझ्या कामात जास्त लक्ष घालतो, हा माझा अनुभव.

बराखीची जागा. इथे फार जणी फसतात गं. रोटाव्हेटर फिरवून जागा कशी मऊ, एकसारखी दिसते! पण ती भुसभुशीत झालेली असते. त्यावर बराखी उभी केली तर पहिल्या पावसात एक कोपरा खचतो आणि कांद्याखाली पाणी शिरतं. तिथे वरची माती सपाट धारेने काढायची, मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने, प्रत्येक थराला पाणी आणि दाब. एकदम दीड फूट टाकून वरून यंत्र फिरवलं तर वरचा थर दबतो, खालचा पोकळच राहतो. मुरूम आणायचा म्हटलं की कुठून आणतोय तेही विचार. मुरूम हे गौण खनिज, उपसा आणि वाहतुकीला तहसील कार्यालयाची परवानगी लागते, आणि बिनपरवाना सापडला तर बाजारभावाच्या पाचपट दंड बसू शकतो. ट्रॅक्टरवाल्याची पावती बघून घे. लाजू नकोस.

आणि हो, जुन्नरच्या आसपास जमीन खणताना कधी खापरं, नाणं, विटांची जुनी भिंत लागली, तर काम थांबव आणि तहसीलदारांना कळव. सातवाहनांच्या काळापासूनची वस्ती आहे तिथे, आपण काही पहिले राहायला आलेलो नाही.

यंत्र येण्याआधीची संध्याकाळ मात्र फक्त तुझी. फक्कीची पिशवी घे आणि अंगणात फीर. ठिबकची मुख्य पाइप कुठून जाते, मोटरची केबल कुठून, शोषखड्डा कुठे, सेप्टिक टँकची झाकणं कुठे, सगळ्यावर पांढऱ्या रेघा. यातलं निम्मं सासऱ्यांच्या डोक्यात असतं, कागदावर कधीच नसतं. त्यांना खुर्ची टाकून बाहेर बसव आणि हाताने दाखवायला लाव. त्यांनाही बरं वाटेल. शोषखड्ड्याच्या फरशीवरून दोन-अडीच टनांचं यंत्र गेलं तर ते आत जातं, मग त्याला काढायला जेसीबी लागतो. पाइपची रेघ मारायची मी एकदा विसरले होते. अख्ख्या वस्तीचं पाणी तुटलं, आणि आमच्याकडे पाहुणे आले की ही गोष्ट अजून चहाबरोबर निघते. डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या ताराही बघ. लोंबत असतील तर महावितरणला आधी सांगायचं, ‘काही होत नाही’ म्हणून खाली काम करायचं नाही. आणि बांध! बांधापासून दोन हात अलीकडेच थांबायला सांग. यंत्राने बांध कोरला गेला की पुढची दहा वर्षं चुलत सासऱ्यांशी बोलणं बंद.

सकाळी यंत्र आलं की पहिलं काम: मीटरचा फोटो. दुसरं: अवजार नीट बसलंय का. बघ, मिक्सरचं भांडं नीट बसलं नाही तर काय होतं तुला माहीत आहे; इथे भांडं दोन-तीनशे किलोचं असतं. पुढच्या पाट्याला दोन दांड्या असतात. त्या पूर्ण खाली दाबल्या की दोन जाड खिट्ट्या अवजाराच्या भोकांतून खाली बाहेर निघायला हव्यात. दोन्ही बाजूंच्या. भोकात माती बसलेली असते, एक खिट्टी जाते, दुसरी जात नाही, आणि वरून दांडी बसल्यासारखी दिसते. काही यंत्रांत हे काम बटणाने होतं, पण खिट्ट्या डोळ्यांनी बघायच्याच. ऑपरेटरला खाली उतरून बघायला लाव. बकेट असेल तर तिची धार जमिनीला टेकवून जरा दाबून दाखवायला सांग. निघायची असेल तर तिथेच निघेल, माणसाच्या पायावर नाही.

मग पाइप जोडायची वेळ येते आणि पहिली आरडाओरड सुरू होते: ‘बसत नाही!’ ऑगर, ब्रेकर, पकडणारा काटा यांना तेलाच्या दाबाचे पाइप लागतात. अवजार उन्हात पडलेलं असेल तर आतलं तेल तापून फुगतं, दाब धरतं, आणि कपलिंग आत जात नाही. अशा वेळी दगडाने ठोकतात गं. ठोकू देऊ नकोस. इंजिन बंद, किल्ली चालू, आणि हायड्रॉलिकचं बटण दोन्ही बाजूंना हलवलं की यंत्राकडचा दाब उतरतो. अवजाराकडचा राहिला असेल तर ते सावलीत ओढायचं, थोडं थांबायचं. जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसायची. तुझ्या घरातलं जुनं सुती पातळ फाडून दे, ऑपरेटरच्या खिशातला तो काळा बोळा नको. धुळीचा एक कण आत गेला की पंप, झडपा सगळंच खराब होतं.

जोडलं आणि ऑगर उलटा फिरायला लागला? घाबरू नकोस, पाइप अदलाबदल झालेत. अजिबात फिरत नाही? बहुतेक कपलिंग अर्धंच बसलंय. फिरतो पण दम नाही? तेल कमी असेल, फिल्टर चोंदला असेल, किंवा अवजाराला जितकं तेल लागतं तितकं हे यंत्र देतच नसेल; मोठं अवजार छोट्या यंत्राला लावून आणलं की हे होतं, आणि त्यावर जागेवर उपाय नाही. पंपातून किणकिण, कण्हल्यासारखा आवाज आला तर आधी तेलाची पातळी बघायला लाव. इंजिन तापलं तर मागचं दार उघडून रेडिएटरची जाळी बघ. कांद्याचा पाला, उसाचं पाचट, कोंबड्यांची पिसं यांनी ती अशी भरते की हवाच जात नाही. यंत्र थंड करून आतून बाहेर हवा मारायची. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

यंत्र सुरूच होत नाही, किंवा हात वर उचलत नाही, आणि ऑपरेटर म्हणतो ‘सेन्सर खराब आहे, डायरेक्ट करतो’. इथे तू कडक हो. सीटवर माणूस नीट बसलाय का, पट्टा लावलाय का, पुढचा दांडा खाली आहे का, हे बघूनच यंत्र हलतं. स्किड स्टिअरमध्ये लोडरचे हात माणसाच्या दोन्ही खांद्यांशेजारून वर-खाली होतात, म्हणून ही सोय केलेली आहे. तार जोडून ती बाद करणाऱ्याला काम द्यायचं नाही. मीटर परवडला, पण हे नको.

तेल गळतंय असं वाटलं तर हाताने चाचपू नकोस आणि कुणाला चाचपू देऊ नकोस. दाबाखालचं तेल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघतं आणि सरळ कातडीत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण, पण आत बोट सडू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरून बघतात, त्यावर डाग पडतो. कुणाच्या हातात तेल शिरलंच, तर हळद लावून घरी बसवायचं नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात, आणि ‘मशीनचं तेल दाबाने आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं.

आणि बाई, तुझी ओढणी. रोटाव्हेटर असो की फवारणीचा ब्लोअर, ट्रॅक्टरच्या मागे जो दांडा फिरतो तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, पदर, स्कार्फचं टोक त्यात गेलं तर हात झटकायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते बहुतेक ठिकाणी काढून फेकलेलं असतं. आवरण नसेल तर ट्रॅक्टर परत. त्या दिवशी पंजाबी ड्रेसवर ओढणी नको, साडी असेल तर पदर घट्ट खोच, वरून नवऱ्याचा जुना शर्ट. सासूबाई काही म्हणणार नाहीत, म्हणाल्या तर माझं नाव सांग. पोरांना मामाकडे पाठव. बकेटमध्ये उभं राहून आंबे काढायची टूम कुणी काढलीच, तर तो आंबा मला नको म्हणावं.

रान वाढलेल्या कोपऱ्याची सफाई भर दुपारी कर, तिन्हीसांजेला नाही. आपल्याकडे उसाच्या कडेला, घाणेरीच्या जाळीत काय बसलेलं असेल ते तुला मी सांगायला नको. आधी मोठ्याने बोलत, डबा वाजवत एक फेरी. बिबट्याची पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही. आई जवळपासच असते. यंत्र बंद, माणसं मागे, आणि वनखात्याला 1926 वर फोन. ते लोक पिल्लं तिथेच ठेवून आईशी भेट घडवतात.

आता उताराचं बोलते, आणि इथे जरा नीट ऐक. तुझ्या माहेरी, डिंभ्याच्या वरच्या अंगाला, भाऊ घरामागची टेकडी कापून गाडी लावायला जागा करतोय असं म्हणालीस. त्याला थांबव. निदान कुणी जाणकार बघेपर्यंत तरी. 30 जुलै 2014ला माळीण गावावर डोंगर आला, 151 माणसं गेली. त्या आधी पाऊस अतोनात झाला होता. नंतर कारणांवर खूप बोलणं झालं, आणि उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही अनेकांनी बोट दाखवलं. आपल्याकडची पडकई जुनीच. माणसं एकमेकांच्या वावरात जाऊन हाताने दगडाचे ताल रचायची, पाण्याला वाट ठेवून, वर्षाला थोडं थोडं. यंत्र तेच काम एका दिवसात करतं, आणि मोकळी केलेली माती पावसाच्या तोंडावर तशीच उघडी राहते. टेकडीचा पायथा कापला की वरचा सगळा भार निराधार होतो. कापायचंच असेल तर तालुका कृषी कार्यालयात किंवा बांधकामातल्या इंजिनिअरला जागा दाखवा, पायऱ्या-पायऱ्यांनी करा, वरच्या पाण्याला बाजूने चर काढा, आणि काम दिवाळीनंतरचं ठेवा. वरच्या अंगाला जमिनीत लांब भेगा दिसल्या, झाड किंवा विजेचा खांब कलला, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर घर सोडायचं, सामान बघायचं नाही.

तुझ्या अंगणाचा उतार त्या मानाने काहीच नाही, पण तिथेही एक नियम आहे. जड बाजू नेहमी चढाकडे. रिकाम्या यंत्राची मागची बाजू जड, इंजिन मागे असतं ना, म्हणून रिकामं चढताना उलटं, रिव्हर्समध्ये. भरलेलं असताना पुढचं जड, म्हणून सरळ. आडव्या उतारावर वळायचं नाही. ऑपरेटरला हे माहीत असतं, पण दुपारच्या जेवणानंतर विसरतो. जेवण जरा बेताचंच वाढ.

मुरूम पसरून झाला की त्याला मधे किंचित उंच ठेवायला सांग, दोन्ही कडांना पाणी उतरेल असं. नाहीतर रस्ता छान, पण पाणी तुझ्या ओसरीत. आणि काम संपलं की पैसे देण्याआधी पुन्हा मीटरचा फोटो, जेवणाचा तास वजा, आणि यंत्र ट्रकवर चढण्याआधी तू स्वतः एक फेरी मारून खड्डे मोज. एक-दोन कमी असतातच. ‘उद्या येऊन करून देतो’ म्हणेल, तो उद्या कधी येत नाही. तिथेच करून घे, तोपर्यंत आणखी एक चहा टाक.

बाकी काही अडलं तर फोन कर, पण संध्याकाळी सहानंतर, तोवर मी पोळ्यांत असते. आणि आता हे वाचून झालंय, तर ऊठ आणि सासऱ्यांना विचार, त्या शोषखड्ड्याचं झाकण नक्की जास्वंदीच्या अलीकडे आहे की पलीकडे.